वाक्य देणारा मामा

“आता वाक्य कोन देईन बे आपल्याले?”

मामा, हे बंडूभाऊ बोलले. तुझ्या तेरवीला, पंगतीत मांडी घालून, पत्रावळीवरचा वरणभात कालवता कालवता. बंडूभाऊ म्हणजे तुमच्या नाटक मंडळाचे खलनायक. स्टेजवर ते नुसते हसले तरी पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. तेच बंडूभाऊ भातावर टपटप आसवं गाळत होते.

शेजारी बसलेले, राजाची कामं करणारे भाऊ म्हणाले, “त्यानं देल्लं तरी तुले कुठी ऐकू येत होतं?”

“नाई येत होतं म्हनून तं दोनदा देत होता तो मले.”

मी त्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन उभी होते. मला हसू फुटलं. तेरवीच्या पंगतीत हसणं बरं दिसत नाही, म्हणून जग घेऊन घरात पळाले आणि धानाच्या कोठीमागे उभी राहून हसले. मग रडले. मग परत हसले, कारण तू असतास तर म्हणाला असतास, “एका वाक्यावर किती भाव करून राह्यली वो? लोकायनं कोनता पाहावा?”

हे जे कोणी वाचतील त्यांना तुझं काम माहीत नसेल, म्हणून सांगते. तेवढ्यापुरते तू कान बंद कर. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. नट आज या गावी, उद्या त्या गावी. आज बाप, उद्या दरोडेखोर. एवढी वाक्यं कोणाच्या डोक्यात राहणार? म्हणून विंगेत वही घेऊन एक माणूस बसतो. तो प्रत्येक वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द हळूच पुरवतो, उरलेलं नट उचलतो. तू तो माणूस होतास. पावसाळ्यात धान, हिवाळ्यात वही. तुझा आवाज फक्त नटांना ऐकू यायचा, लोकांना कधीच नाही, आणि यातच तुझी सगळी कारागिरी होती.

मी घरातून बाहेर आले तर बंडूभाऊ हात धुऊन माझीच वाट पाहत होते. “बाई, पंगत उठली का सभा ठेवली हाये. तू दोन शब्द बोलजो. भाची हायेस, शिकलेली हायेस.” आणि मग त्यांनी झोळीतून तो दिवाळी अंक काढला. वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर घातलेला. “मी हे दाखवनार हावो सगळ्यायले. आपला देवराव लेखकबी होता म्हनून.”

मामा, तुझ्या-माझ्यात एकच खरं भांडण मिटायचं राहिलं होतं, आणि ते बंडूभाऊंच्या हातात होतं. कव्हर घालून.

*

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. मला लाज वाटायची. चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेच्या होस्टेलला तू भेटायला आलास की फाटकातच वाकायचास. माझ्या मैत्रिणी बघायच्या. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा, असा मोठा माणूस दोन वेण्यांच्या मुलीच्या बुटांना हात लावतोय. मी पाय मागे घेतले की तू दोन पावलं पुढे यायचास. “पाय तं दे. भाचीचे पाय म्हंजे काशी. तिकिटाचा खर्च वाचते.”

आणि मी कधी तुझ्या पाया पडायला वाकले, तर तू साप दिसल्यासारखा उडी मारायचास. “पाप लावते का मले?”

त्याच शाळेत, पाचवीत, वर्गात उभी राहून बोलताना माझ्या तोंडून घरचं ‘मले’ निसटलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. बाईसुद्धा थोड्याशा हसल्या. फार मोठं काही झालं नाही. फक्त तेव्हापासून मी शाळेत इंग्रजीत गप्प बसायला लागले आणि घरी मराठीत. कोणी विचारलं, की आई सांगायची, ती लाजते. बाबा सांगायचे, ती अभ्यास करते. तू काय सांगायचास ते मला नंतर कळलं.

त्याच्या आदल्या की त्याच वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी, तुमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात दुपारची तालीम. मी तुझ्या शेजारी सतरंजीवर. आईचं काम करणाऱ्या बाई भाषण करता करता मध्येच थांबल्या. एकदम शांत. एक सेकंद, दोन, तीन. मी तुझा सदरा ओढला. “मामा, त्या विसरल्या. सांग ना.”

तू वहीतल्या एका जागेवर बोट ठेवलंस. तिथे लाल पेन्सिलीनं एक गोल काढलेला होता.

त्या बाईंनी मान वर केली, पुढचं वाक्य म्हटलं, आणि तालमीला आलेल्या दोन म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसू लागल्या.

मग तू मला समजावलंस. “गोल दिसला का चूप राह्यचं. थे विसरली नाई, थांबली हाये. विसरलेल्याले वाक्य नाई देल्लं तं तो शिव्या देते. थांबलेल्याले देल्लं तं मारते.”

“पण कळतं कसं?”

“डोये पाह्य. विसरला का त्याचे डोये माह्याकडं येते. थांबला असन तं डोये लोकायकडं राह्यते.”

मोठी झाल्यावर मामीनं मला सांगितलं. नातेवाइकांपैकी कोणी माझ्याबद्दल कुजबुजलं, ही पोरगी बोलत काऊन नाई, काही कमी तं नाई, की तू म्हणायचास, “विसरली नाई थे. थांबली हाये.”

*

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन लेखनाचा वर्ग लावला. आठ रविवार, सकाळी अकरा ते एक. गडचिरोलीच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करायचे, शनिवारच्या बसनं नागभीडला घरी यायचं, आणि रविवारी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून कथा शिकायची. घरी मी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. तुला मात्र खरं सांगितलं. का, ते मलाही नीट माहीत नाही. बहुतेक तू कोणाला सांगणार नाहीस याची खात्री होती. गुपित सांभाळणं हा तुझा धंदाच होता.

पहिल्या रविवारी दहालाच तू सायकलवर हजर. धुतलेला सदरा. “मीबी बसतो. बोलत नाई.”

तू फोनच्या मागे बसायचास, कॅमेऱ्यात येणार नाही असा, विंगेत बसल्यासारखा. शिकवणाऱ्या बाईंना तू ‘डायरेक्टरबाई’ म्हणायचास. त्या फार छान शिकवायच्या, पण सावकाश. एकदा पात्राची खोली कशी वर्णावी हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. तू कागदावर लिहून मला सरकवलंस: ‘आमच्या इथी एवढ्यात दोन खून आनि एक लगन झालं असतं.’ मला हसू आवरेना. बाईंनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मी कॅमेरा बंद केला.

आणि आपलं ते भांडण आठवतं? बाई म्हणाल्या होत्या, “सांगू नका, दाखवा.” मी वहीत लिहून अधोरेखित केलं. वर्ग संपला आणि तू उसळलास.

“हे चुकीचं शिकवून राह्यल्या. सांगाच लागते. मांगं बसलेल्या मानसाले दिसत नाई. त्याले कोन सांगन?”

“मामा, पुस्तकात मागे कोणी बसत नाही.”

“बसते. तुले दिसत नाई.”

आपण चार रविवार यावर भांडलो. मी बाईंच्या बाजूनं, तू शेवटच्या रांगेच्या बाजूनं. आता लिहिताना कधी एखादं वाक्य फारच हुशार झालं, की मला मागे बसलेला तो माणूस दिसतो. गुडघ्यांवर घोंगडी, मान लांब केलेली, काय चाललंय ते कळत नाहीये. मग मी त्याच्यासाठी एक साधं वाक्य घालते. भांडण तू जिंकलास असं मी अजूनही म्हणणार नाही.

पाचव्या रविवारी बाईंनी आम्हा विद्यार्थ्यांना चार-चार जणांच्या छोट्या गटांत टाकलं. “आपल्याले खोलीत कोंडलं का?” तू खुणेनं विचारलंस. तिथे प्रत्येकानं आपल्या कथेचा पहिला परिच्छेद वाचायचा होता. माझी पाळी आली. कागद हातात, कॅमेरा सुरू, आणि पहिलाच शब्द सापडेना. तीन अनोळखी चेहरे माझ्याकडे बघतायत. मी काय केलं? मी तुझ्याकडे पाहिलं.

आणि तुझ्या हाडातली सवय बोलली. डब्यामागून तुझा तो आवाज आला, हवेसारखा. “छोटी गाडी स्टेशनात...”

मी म्हटलं, “छोटी गाडी स्टेशनात शिरली तेव्हा...”

“सारे लोक उठले...”

“सारे लोक उठले, एक ती सोडून.”

असा अख्खा परिच्छेद. माझीच कथा, वाचून वाचून तुला पाठ झालेली, आणि तू मला पुरवत होतास. नाशिकच्या एका काकूंनी शेवटी विचारलं, “कथा छान आहे हं. पण तुमच्या घरात रेडिओ सुरू आहे का?” दुसरा एक मुलगा म्हणाला, “मला तर तो इफेक्ट फार आवडला. जणू कोणी तिच्या आतून बोलतंय.”

खोलीतून सुटल्यावर तू अर्धा तास हसत होतास. “मी इफेक्ट हावो! इतकी वर्सं झाली, कोनी इफेक्ट नाई म्हनलं मले.”

वर्ग संपल्यावर प्रमाणपत्राची फाइल आली. मी ती फोनमध्ये लपवली. तू ती स्वतःच्या फोनवर मागवून घेतलीस, फोटो स्टुडिओत जाऊन रंगीत छापून, प्लास्टिक चढवून आणलीस आणि तुमच्या घरात देवाच्या फोटोंच्या रांगेत लावलीस. मामी त्यालाही फूल वाहू लागली. इंग्रजी अक्षर, खाली माझं नाव, त्यावर जास्वंद.

*

नंतर कथा पाठवण्याचे दिवस सुरू झाले. कथा मी फोनवर लिहायचे, ई-मेलनं मासिकांना पाठवायचे, आणि मग फोनकडे अशी बघायचे जसं कोणी दवाखान्याच्या दाराकडे बघतं. पहिला नकार आला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. तू तो वाचायला मागितलास. ‘आपली कथा साभार परत करीत आहोत.’

“साभार!” तू म्हणालास. “म्हंजे आभार मानले त्यायनं. माहे कोन्या राजानं आजवर आभार मानले नाई. चाल.”

आणि तू मला नागभीडच्या बसस्टँडवर आलूबोंडा खायला नेलंस. वरून तर्री घातलेला, नाक वाहेपर्यंत तिखट. तिथेच, सगळ्या बसगाड्यांसमोर, तू वाकून माझ्या पाया पडलास. कंडक्टर बघत होता. “भाची हाये माही,” तू त्याला सांगितलंस. “हिचे मासिकवाल्यायनं आभार मानले.”

पुढे प्रत्येक नकाराला आलूबोंडा ठरून गेला. हॉटेलवाल्यानं एकदा विचारलं, आज काय आहे? तू म्हणालास, आज पुन्हा आभार. मामा, मी तुला कधी सांगितलं नाही, एका नकाराच्या वेळी मला आनंदच झाला होता. फार दिवस आपण बसस्टँडवर गेलो नव्हतो.

छोट्या गाडीची कथा मला सगळ्यांत जवळची. आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेत रोज जाणारी एक मुलगी, डब्यातल्या प्रत्येकाचं बोलणं ऐकते, प्रत्येकाची दुखणी-खुपणी तिला पाठ आहेत, पण तिचा आवाज कोणीच ऐकलेला नाही. ही कथा मी कुठेच पाठवली नव्हती. तूच एका दिवाळी अंकाचं आवाहन शोधून आणलंस. त्यांना कथा टपालानं हवी होती, कागदाच्या एका बाजूला, सुवाच्य अक्षरात.

“सुवाच्य म्हंजे मी,” तू म्हणालास.

आणि ते खरंच होतं. तुझं अक्षर म्हणजे ओळीत रोवलेलं धान. नटांना त्यांच्या-त्यांच्या वाक्यांच्या नकला तूच तर काढून द्यायचास. तीन दिवस बसून तू माझ्या कथेची नक्कल काढलीस. शेवटी विचारलंस, “नाव काय टाकू?”

माझं नाव टाक, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, “राहू दे. पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर मी लिहून टाकते.” ती चिठ्ठी मी लिहिलीसुद्धा. आणि पाकीट चिकटवायच्या आधी काढून घेतली. बिननावाची कथा ते टाकून देतील आणि कोणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब.

पण मला एक माहीत नव्हतं. नक्कल काढणारा शेवटच्या पानाच्या तळाशी स्वतःचं नाव आणि गाव लिहितो. नक्कल बरोबर उतरवली याची ती हमी असते; चुकली तर नट कोणाची मान धरणार, ते कळायला. तुझ्या हातानं ते आपसूक लिहिलं. संपादकांना अख्ख्या कथेत एकच नाव सापडलं. त्यांनी ते छापलं.

अंक आला त्या दिवशी तू सायकल दारात आडवी टाकून घरात शिरलास. चेहरा असा, की मला वाटलं मामीला काही झालं.

“माह्या हातून चोरी झाली वो.”

मी पान पाहिलं. माझी कथा. माझी वाक्यं. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही. वर तुझं नाव. आणि खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं, की मी तुझे दोन्ही हात धरून नाचले. कथा छापली होती आणि मी सापडले नव्हते!

“मी आत्ता कारड टाकतो संपादकाले.”

“नाही. मामा, शपथ आहे तुला.”

“अवो, जिंदगीभर मी दुसऱ्याईले वाक्य देल्ले, टाळ्या त्यायनं घेतल्या. मले चाललं. आता वाक्य तुहं, आन टाळ्या मी घेऊ? हे उलटं हाये. हे मले झेपत नाई.”

मी शपथ मागे घेतली नाही. तूही मोडली नाहीस.

पुढच्या महिन्यात गावानं तुझा सत्कार ठेवला. मी शेवटच्या रांगेत. शाल, नारळ, हार, आणि खुर्चीत काट्यांवर बसल्यासारखा तू. लोक म्हणत होते, “देवरावभाऊ, पोरीच्या मनातलं तुले कसं समजलं बे?” तू माइकसमोर उभा राहिलास. तुझा आवाज पहिल्यांदाच लोकांना ऐकू येत होता. तू म्हणालास, “मी काई लिहिलं नाई. मी फक्त नक्कल केली.”

टाळ्या! केवढा हा विनय, सरपंच म्हणाले.

तू परत म्हणालास, “खरंच सांगतो, वाक्य माहे नाई.”

अजून टाळ्या. तू खरं बोलत होतास आणि खरं बोलल्याबद्दल अजून मोठा होत होतास. मी मागे तोंडाला ओढणी लावून हसत होते, आणि तू डोळे बारीक करून शेवटच्या रांगेत मला शोधत होतास.

संध्याकाळी तू तुमच्या घरी आलास; मी तिथेच होते. स्वयंपाकघराचं दार लोटलंस, शाल माझ्या खांद्यावर घातलीस, नारळ हातात दिलास, पाया पडलास आणि म्हणालास, “झाला सत्कार. आता बोल दोन शब्द.” तिथे फक्त मामी होती, चुलीवर भात होता. तरी मी नाही बोलले. तू मग म्हणालास, “बरं.”

तो ‘बरं’ मला नंतर फार आठवला.

*

तू गेलास त्या सकाळी मी पहिल्या बसनं आले. अंगणात तुला निजवलं होतं. एक-एक जण पाया पडून जात होता. माझी पाळी आली. मी वाकले. दोन्ही हात तुझ्या पावलांवर ठेवले. मामा, तू पाय मागे घेतले नाहीस. तेव्हा मला कळलं, की तू खरंच नाहीस.

तेरवीच्या दिवशी सकाळी मामीनं मला एक वही दिली. “तुही हाये म्हने. त्यायनं सांगून ठेवलं होतं.” ती माझ्या छोट्या गाडीच्या कथेची दुसरी नक्कल होती, तू स्वतःजवळ ठेवलेली. नाटकाच्या वहीसारख्या सगळ्या खुणा केलेल्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज उतरवायचा. मी वाचेन तेव्हा तू विंगेतून पुरवणार होतास. तशी तयारी होती. शेवटचं पान उलटलं. तळाशी तुझं नाव नव्हतं. गावही नव्हतं. तिथे लाल पेन्सिलीनं एक गोल काढला होता.

एवढंच. मी वही ओढणीखाली धरून दिवसभर पाणी वाढत होते.

तर सभा सुरू झाली. सरपंच बोलले, राजाची कामं करणारे भाऊ बोलले. बंडूभाऊंनी अंक उंच धरला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, “नटायच्या मांगं उभा राह्यलेला मानूस, पन शेवटी स्वतःचं नाव करून गेला.” लोकांनी माना हलवल्या. मग त्यांनी मला बोलावलं.

मी उठले. मला वाटत होतं, आज बोलणं म्हणजे तुझ्याकडून काही काढून घेणं. तेराव्या दिवशी माणसाचं नाव कोणी पुसतं का? राहू दे ते नाव तुझ्याकडे, तुला कुठे कोणी नाव दिलं होतं. मग सत्काराच्या खुर्चीत अवघडलेला तू आठवलास. ते नाव तुला टोचत होतं. मीच ते तुझ्या गळ्यात अडकवून ठेवलं होतं, मला लपायला जागा हवी म्हणून.

माझी नजर सवयीनं मांडवाच्या डाव्या कोपऱ्याकडे, विंगेच्या जागेकडे गेली. तिथे रिकाम्या पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

कोणीतरी खोकललं. एक मूल ‘आई, चाल ना’ म्हणालं. पंगतीतल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. बंडूभाऊंना राहवेना, आयुष्यभर ज्याला वाक्य मिळालं त्याला वाक्य देण्याची हौस. ते माझ्याजवळ सरकून अख्ख्या मांडवाला ऐकू येईल अशा आवाजात कुजबुजले, “आमचे मामा म्हंजे... बोल बाई, आमचे मामा म्हंजे...”

घराच्या दारातून मामीचा आवाज आला. “बंड्या, गप ना. विसरली नाई थे. थांबली हाये.”

मी कोपऱ्यावरून नजर काढली आणि लोकांकडे पाहिलं. सगळ्यात मागे, मांडवाच्या कडेला, एक म्हातारा मान लांब करून बघत होता. त्याला काही दिसत नव्हतं. त्याला सांगावंच लागणार होतं.

मी वही वर धरली आणि म्हटलं, “थे गोष्ट माही हाये. अक्षर माह्या मामाचं हाये.”